घरी रक्तदाब मोजण्याची पद्धत आणि सात दिवसांची नोंदवही

रुग्ण दवाखान्यात आपली रक्तदाबाची वही पुढे सरकवतात, तेव्हा मी आकड्यांच्या आधी वेळेचा रकाना शोधतो, आणि बहुतेक वह्यांत तो रकानाच नसतो. आकडे असतात, पण तो आकडा जिना चढून आल्यावरचा आहे की झोपेतून उठल्यावरचा, गोळी घेण्यापूर्वीचा की नंतरचा, उघड्या दंडावरचा की स्वेटरवरून घेतलेला, हे वहीवरून कळत नाही. अशा वहीच्या आधारे गोळी सुरू करणे, वाढवणे किंवा कमी करणे धोक्याचे असते. ती गोळी पुढे वर्षानुवर्षे घ्यायची असते, आणि ज्या आकड्यावर ती ठरते तो आकडा मात्र दोन मिनिटांच्या घाईत घेतलेला असतो.

हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या दीर्घकालीन धोक्यांमध्ये रक्तदाबाचा वाटा फार मोठा आहे. चाळीस ते सत्तर या वयोगटात ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा आकडा १० ने वाढला की या दोन्हींमुळे होणाऱ्या मृत्यूचा धोका साधारण दुप्पट होतो. चुकीच्या पद्धतीने मोजल्यास १० ते १५ चा फरक सहज पडतो. म्हणजे निव्वळ मोजणीच्या चुकीने निरोगी माणूस रुग्ण ठरू शकतो आणि खऱ्या रुग्णाचा आजार नजरेआड राहू शकतो. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पाळावेत, कारण आधीचा टप्पा चुकला तर पुढचा कितीही काटेकोर असला तरी उपयोग होत नाही.

१. यंत्र आणि कफ यांची निवड

घरासाठी दंडावर कफ, म्हणजे हवा भरून फुगणारा पट्टा, बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे. मनगटावरची यंत्रे सोयीची वाटतात, परंतु मनगट हृदयाच्या पातळीच्या थोडेही खाली-वर झाले की आकडा बदलतो, म्हणून दंडावर मोजणे शक्य असताना ती घेऊ नयेत. बोटावर लावायची यंत्रे आणि रक्तदाब दाखवणारी घड्याळे या कामासाठी वापरू नयेत. खरेदी करताना दुकानदाराला एवढेच विचारावे की या नमुन्याची अचूकता स्वतंत्रपणे तपासून प्रमाणित झालेली आहे का. किंमत जास्त असणे हा त्याचा पुरावा नाही.

यंत्रापेक्षा जास्त चुका कफच्या मापात होतात. शिंप्याची टेप घेऊन दंडाचा घेर मोजावा. खांद्याचे हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, टेप न आवळता घेर घ्यावा. कफवर तो किती सेंटिमीटर घेरासाठी आहे हे छापलेले असते, बहुतेक यंत्रांसोबत येणारा मध्यम कफ २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो. दंडाचा घेर ३४ असेल आणि कफ मध्यम असेल तर यंत्र उत्तम असूनही आकडा जास्त येणार. कफ एका आकाराने लहान असला तर वरचा आकडा सरासरी सुमारे ५ ने, आणि दोन आकारांनी लहान असला तर जवळजवळ २० ने वाढून येऊ शकतो. उलट, कृश व्यक्तीला मोठा कफ बांधला तर आकडा कमी दिसतो. एका घरात आजोबा बारीक आणि सूनबाई स्थूल असतील तर एकच कफ दोघांना चालेलच असे नाही. मोठा कफ वेगळा विकत मिळतो, मात्र तो त्याच कंपनीचा आणि त्याच यंत्रासाठीचा असावा.

पडताळा: नवे यंत्र दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी एकदा ताडून पाहावे, आणि त्यानंतर वर्षातून एकदा तरी पुन्हा. यंत्रातील तारीख व वेळ बरोबर लावावी, नाहीतर त्याच्या स्मरणातील नोंदी निरुपयोगी होतात. दोन माणसे वापरणार असतील तर प्रत्येकाच्या नोंदीचे बटण ठरवून घ्यावे. नवऱ्याच्या नोंदी बायकोच्या नावावर साठल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

२. मोजण्यापूर्वीचा अर्धा तास

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान, जेवण आणि व्यायाम टाळावा. आपल्याकडे या यादीत मिश्री, तपकीर, गुटखा आणि चुन्यासोबत मळलेली तंबाखू यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो, कारण ‘तंबाखू घेता का’ या प्रश्नाला पुष्कळ स्त्रिया मनापासून ‘नाही’ म्हणतात आणि सकाळी उठल्याबरोबर दातांना मिश्री मात्र लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढवते, आणि मग सकाळची मोजणी मिश्रीचीच होते. मिश्री सोडणे हे तर हवेच, पण ती सुटेपर्यंत मोजणी तरी तिच्या आधी करावी.

लघवीला जाऊन यावे. ही सूचना क्षुल्लक वाटते, पण भरलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा सहज १० ने वाढू शकतो.

चालू असलेली सगळी औषधे एका कागदावर लिहावीत, दुकानातून स्वतःहून आणलेलीसुद्धा. सांधेदुखीसाठी रोज घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, सर्दीत नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉईड, काही गर्भनिरोधक गोळ्या यांनी रक्तदाब वाढतो. काढ्यात किंवा खोकल्यासाठी चघळायला रोज वापरलेले ज्येष्ठमधही रक्तदाब वाढवते आणि शरीरातील पोटॅशियम कमी करते. ते ‘आयुर्वेदिक’ असल्यामुळे कोणी सांगत नाही, म्हणून मी आता स्वतःहून विचारतो.

इशारा: ‘औषधाशिवायचा खरा आकडा कळावा’ म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करून मोजू नये. गोळी चालू असताना मिळालेला आकडाच डॉक्टरांना हवा असतो.

३. बसण्याची पद्धत

पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, आणि हात टेबलावर आधाराने ठेवलेला, अशा स्थितीत टेकायच्या खुर्चीवर पाच मिनिटे शांत बसावे. या पाच मिनिटांत मोबाईल, टीव्ही आणि गप्पा नकोत.

आपल्या घरांत पलंगाच्या कडेवर बसून, पाय लोंबकळत ठेवून किंवा जमिनीवर मांडी घालून मोजण्याची सवय आहे. पलंगाच्या कडेवर पाठीला टेकू नसतो, पाय अधांतरी राहतात आणि स्नायू आवळलेले राहतात. पायावर पाय टाकून बसल्यानेही आकडा वाढतो. घरात फक्त स्टूल असेल तर ते भिंतीला लावून ठेवावे आणि पाठ भिंतीला टेकवावी. पाय पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवावा.

दंडाचा मधला भाग हृदयाच्या पातळीवर, म्हणजे छातीच्या साधारण मध्यावर यायला हवा. दंड या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिला की आकडा सुमारे ७ ते ८ ने जास्त येतो. चहाचे बुटके टेबल वापरले जाते तिथे नेमकी हीच चूक होते. हाताखाली उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवून उंची साधावी. हात स्वतःच्या बळावर उचलून धरू नये, आणि दुसऱ्या कोणी धरून ठेवण्यापेक्षा तो टेबलावरच असावा.

पडताळा: कफ बांधण्यापूर्वी स्वतःला चार गोष्टी विचाराव्यात. पाठ टेकली आहे का, पाय सपाट आहेत का, दंड छातीच्या पातळीवर आहे का, पाच मिनिटे झाली का? एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर पुढे जाऊ नये.

४. कफ बांधणे

कफ उघड्या दंडावरच बांधावा. सदऱ्याची बाही वर गुंडाळली की तिची गुंडाळी दंडाला करकचून आवळते आणि कफच्या वर आणखी एक पट्टा बांधल्यासारखे होते. ब्लाऊजची घट्ट बाही वर सरकवली तरी तेच. स्त्रियांनी मोजणीच्या वेळी सैल बाहीचा गाऊन किंवा बिनबाहीचे कपडे घालावेत, पुरुषांनी बनियनवर बसावे. थंडीत स्वेटरमधून हात पूर्ण बाहेर काढावा.

कफची खालची कड कोपराच्या खळगीपासून २ ते ३ सेंटिमीटर वर असावी. कफवरची धमनीची खूण दंडाच्या आतील बाजूस, करंगळीच्या नव्हे तर मधल्या बोटाच्या रेषेत यावी, आणि रबरी नळी तळहाताच्या दिशेने खाली उतरावी. बांधल्यावर कफखाली दोन बोटे सरकवता यावीत, तीन सहज गेली तर कफ सैल आहे.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजावे. ज्या हाताचा आकडा सातत्याने जास्त येतो तोच हात पुढे कायम वापरावा. दोन हातांच्या वरच्या आकड्यांत १० पेक्षा अधिक फरक पुन्हा पुन्हा दिसत असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा, कारण एका हाताच्या धमनीत अडथळा असण्याची ती खूण असू शकते. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढलेल्या स्त्रियांनी आणि डायलिसिससाठी हातावर फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर यांची केलेली जोडणी) केलेल्या रुग्णांनी त्या बाजूचा हात डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

५. प्रत्यक्ष मोजणी

बटण दाबल्यापासून आकडा येईपर्यंत बोलू नये, हसू नये, मूठ आवळू नये. यंत्र कफमधील दाबाची बारीक स्पंदने टिपून हिशेब करते, त्यामुळे हाताची हालचाल झाली की त्याचा हिशेब चुकतो. बाजूला बसलेल्यांनीही त्या एका मिनिटात प्रश्न विचारू नयेत. ‘किती आला?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या नादात आकडा वाढलेला मी समोर पाहिला आहे.

पहिल्या मोजणीनंतर कफ न काढता एक मिनिट थांबावे आणि पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे लिहावेत. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा जास्त येणे अगदी स्वाभाविक आहे. तो खोडून फक्त कमी आलेला लिहिणे, किंवा मनासारखा आकडा येईपर्यंत पाच-सहा वेळा मोजत राहणे, या दोन्ही गोष्टींनी वही खोटी होते. आकडे जसेच्या तसे लिहावेत. १३७ चा १४० किंवा १३० करू नये. ज्या वहीत सगळे आकडे शून्यावर संपतात ती अंदाजाने भरली आहे हे लगेच कळते.

नाडी अनियमित असल्यास, किंवा यंत्र तशी खूण पुन्हा पुन्हा दाखवत असल्यास, दोनऐवजी तीन वेळा मोजावे आणि ईसीजीसाठी डॉक्टरांकडे जावे. ती खूण अॅट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या एका विकाराची, असू शकते, आणि त्यातून पक्षाघाताचा वेगळा धोका असतो.

इशारा: १८०/१२० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. छातीत दुखणे, दम लागणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही सोबत असेल तर मोजत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. लक्षणे नसतील आणि आकडा तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. शेजाऱ्यांची गोळी जिभेखाली ठेवणे किंवा उद्याची गोळी आजच घेणे याने रक्तदाब एकदम कोसळू शकतो, आणि मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा कमी होऊन इजा होते.

६. सात दिवसांचे वेळापत्रक

रक्तदाब दिवसभर बदलत राहतो, म्हणून एका आकड्याला अर्थ नाही. सलग सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजावे. सात दिवस जमलेच नाहीत तर किमान तीन दिवस तरी पूर्ण व्हावेत.

सकाळची मोजणी उठल्यापासून तासाभरात, लघवी झाल्यावर, चहा-नाश्ता आणि रक्तदाबाची गोळी यांच्या आधी करावी. संध्याकाळची मोजणी जेवणाआधी किंवा झोपण्यापूर्वी, पण रोज एकाच वेळी करावी. वहीत पाच रकाने आखावेत: तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी. शेवटी शेरा लिहायला जागा ठेवावी. ‘रात्री झोप नाही’, ‘गोळी चुकली’, ‘लग्नात जेवलो’ असे दोन शब्द पुरतात.

सकाळची मोजणी का टाळू नये, हे एका वहीने मला चांगले दाखवून दिले. निवृत्त शिक्षक होते, अक्षर सुंदर, सगळ्या नोंदी संध्याकाळी सातच्या, सरासरी १३२/८२. आकडा मर्यादेच्या आत होता आणि ते समाधानी होते. मी त्यांना आणखी एक आठवडा सकाळचेही मोजायला सांगितले. संध्याकाळ तशीच राहिली, परंतु सकाळची सरासरी १४२/८८ निघाली, आणि दोन्हींची मिळून १३७/८५. त्यांची गोळी सकाळी नऊला घेतली जात होती आणि तिचा अंमल दुसऱ्या पहाटेपर्यंत टिकत नव्हता. संध्याकाळच्या सुरेख वहीतून हे कधीच कळले नसते.

इशारा: या आठवड्यात आहार मुद्दाम बदलू नये. सात दिवस लोणचे-पापड बंद करून आठव्या दिवशी पुन्हा सुरू करायचे असतील तर ती वही तुमच्या रोजच्या आयुष्याची नाही. मीठ कायमचे कमी करणे मात्र अवश्य करावे. दिवसभराचे सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट भरलेल्या एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी, आणि त्यात लोणचे, पापड, खारवलेली मासळी, फरसाण, वेफर्स यांतले मीठही धरायचे असते. सैंधव हेही मीठच आहे.

७. सरासरी काढणे आणि तिचा अर्थ

पहिल्या दिवसाचे सर्व आकडे बाजूला ठेवावेत. नव्या कामाच्या धास्तीने ते सहसा जास्त येतात. उरलेल्या सहा दिवसांचे चोवीस वरचे आकडे मिळवून चोवीसने भागावे, आणि खालच्या आकड्यांचेही तसेच करावे. सकाळची आणि संध्याकाळची सरासरी वेगळीही काढून ठेवावी.

घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर रक्तदाब वाढलेला आहे असे धरतात. दोन आकड्यांपैकी एक जरी ओलांडला तरी तो वाढलेलाच. दवाखान्यातील मोजणीसाठी हीच मर्यादा १४०/९० आहे, आणि या दोन मर्यादांची सरमिसळ ही नेहमीची चूक आहे. घरची सरासरी १३८/८७ आली आणि ‘एकशे चाळीसच्या आत आहे’ म्हणून वही बंद केली, असे होऊ नये. गोळी चालू असलेल्यांनी सरासरी कुठवर आणायची हे वय, मधुमेह, मूत्रपिंडाचे कार्य यांवर अवलंबून असते, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचे असते. ‘शंभर अधिक वय इतका रक्तदाब चालतो’ हा हिशेब अजून घरोघरी ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि त्या हिशेबावर सत्तरीतल्या माणसाचा १७० चा आकडा वर्षानुवर्षे तसाच राहतो.

दवाखान्यात जास्त आणि घरी व्यवस्थित येणारा रक्तदाब असतो, तसाच दवाखान्यात व्यवस्थित आणि घरी जास्त येणाराही असतो. दुसरा प्रकार अधिक काळजीचा, कारण त्याची शंकाच कोणाला येत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून रक्तदाब नाही, असे समजू नये. बहुसंख्य लोकांना काहीच जाणवत नाही.

गोळ्या चालू असलेल्या वृद्धांनी, विशेषतः उठताना तोल जात असेल तर, बसून मोजल्यावर उभे राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि त्या वेळी जवळ कोणीतरी असावे. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ते डॉक्टरांना लवकर कळवावे. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचे हाड मोडण्यामागे पुष्कळदा हेच असते.

गर्भवती स्त्रियांनी या लेखातील मर्यादांवर विसंबू नये. त्यांच्यासाठी यंत्रही वेगळे पडताळलेले लागते, आणि १४०/९० चा आकडा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

८. वही घेऊन जाताना

वही, औषधांचा कागद आणि यंत्र, तिन्ही सोबत न्यावीत. रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, तसेच क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन (या दोन्ही मूत्रपिंडाच्या तपासण्या) यांचे जुने अहवाल असतील तर तेही न्यावेत, कारण डॉक्टर धोका एकट्या रक्तदाबावरून ठरवत नाहीत. १३७/८५ ही सरासरी तंबाखू न खाणाऱ्या, साखर व्यवस्थित असलेल्या चाळिशीतल्या व्यक्तीची असेल तर मीठ, वजन आणि चालणे यांवर काही महिने भर देऊन पुन्हा आठवडाभर मोजता येते. तीच सरासरी मधुमेह असलेल्या, विडी ओढणाऱ्या आणि ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकाराचा झटका आला अशा व्यक्तीची असेल तर बहुधा वाट पाहिली जात नाही. वडील, भाऊ, आई किंवा बहीण यांच्यापैकी कोणाला कोणत्या वयात काय झाले, हे घरी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

तपासणीच्या दिवशीही सकाळची रक्तदाबाची गोळी नेहमीप्रमाणे घ्यावी. उपाशीपोटी रक्त द्यायचे असले तरी घोटभर पाण्यासोबत ती चालते. मधुमेहाच्या गोळ्यांचे मात्र आधी विचारून ठरवावे.

औषध बदलल्यानंतर डॉक्टर सांगतील त्या सुमारास, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, सात दिवसांची नवी फेरी करावी, आणि सरासरी स्थिरावल्यावर पुढच्या भेटीच्या आधीचा आठवडा मोजला तरी पुरते. मधल्या काळात रोज पाच-सहा वेळा मोजत बसू नये. सरासरी मर्यादेत आली की गोळी थांबवण्याचा मोह होतो, पण ती मर्यादेत आली आहे ती त्या गोळीमुळे. गोळी कमी करता येईल का हे डॉक्टरांना विचारावे, आणि विचारायला जाताना ताजी सात दिवसांची वही न्यावी.